ट्रंकेतले टेप

माझ्या दुकानात बाकाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे. गाड्यांतून काढलेले टेप तिच्यात असतात. प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे आणि तारीख लिहिलेली आहे. नवा टेप बसला की गिऱ्हाईक जुन्याकडे बघतही नाही. "राहू दे तुझ्याकडेच, घाल भंगारात," म्हणतं. मी ठेवून घेतो, भंगारात मात्र घालत नाही. भंगारवाला महिन्यातून एकदा येतो, ट्रंकेवर टिचकी मारून माझ्याकडे बघतो, मी मान हलवली की पुढच्या दुकानाकडे वळतो. ही सवय मला एका जुन्या स्विफ्टनं लावली. तिची गोष्ट सांगायची तर आधी गाव आणि धंदा सांगायला हवा.

मढ कल्याण-नगर रस्त्यावर आहे. आळेफाट्याकडून ओतूर, उदापूर, डिंगोरे मागं टाकत पश्चिमेला निघालात की पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी दिसायला लागतं, डोंगर जवळ येतात. पुढं खुबी फाटा आणि मग माळशेज घाट. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रांग लागते. एरवी वर्षभर टोमॅटो, कांदा, दूध घेऊन कल्याणला आणि वाशीला जाणारे पिकअप. त्यामुळं आमच्या कामालाही हंगाम आहे. पावसाळ्यात वायपर, फॉगलॅम्प आणि पाणी शिरलेले हॉर्न. माल विकून हातात पैसे आले की टेप.

टेप म्हणजे गाडीतला स्टिरिओ. कॅसेट जाऊन जमाना झाला, नंतर सीडी आली, पेनड्राइव्ह आला, आता मोबाइलसारखा स्क्रीन आला, पण आमच्याकडे शब्द टेपच राहिला. धंद्यात त्याचा घोटाळाही होतो, कारण वायरीला गुंडाळायची काळी चिकटपट्टी ती पण टेपच. पोऱ्याला "टेप आण" म्हटलं की तो विचारतो, "गाणारा का चिकटणारा?"

बारावीनंतर मी कल्याणला मामाकडे राहून एका गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात तीन वर्षं काढली. तिथल्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात मला पान्ह्याला हात लावू दिला नाही, रंग पाठ करायला लावले. बाजारात मिळणाऱ्या टेपच्या मागून वायरींचा जुडगा निघतो. त्यातली पिवळी कायम बॅटरीला, कारण घड्याळ आणि लावलेली स्टेशनं तिच्यावर लक्षात राहतात. लाल किल्लीवर, म्हणजे किल्ली फिरवली तरच करंट. काळी अर्थिंगला. नारिंगी दिव्यांची, रात्री हेडलाइट लावला की टेपचा उजेड कमी करायला. निळी अँटेनाची. मग स्पीकरच्या जोड्या: पांढरी पुढं डावीकडे, करडी पुढं उजवीकडे, हिरवी मागं डावीकडे, जांभळी मागं उजवीकडे, आणि याच रंगांवर काळी रेघ असली की ती त्या स्पीकरची मायनस. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

मग उस्ताद म्हणाले, "आता हे गाडीच्या बाजूनं विसर." कारण हे रंग टेपचे. गाडीतून येणारी वायर कंपनीची असते आणि प्रत्येक कंपनीचा रंगांचा हिशोब वेगळा. तिथं टेस्ट लॅम्प लावायचा, मीटर लावायचा, मगच बोलायचं. गाडीची वायर आणि टेपची वायर यांच्यामध्ये कपलर असतो, म्हणजे एकमेकांत टक्कन बसणारी प्लास्टिकची दोन डोकी. बाजारात त्या-त्या गाडीचा जोड-कपलर मिळतो. त्याचं एक टोक गाडीच्या डोक्यात बसतं, दुसरं नव्या टेपला जोडायचं. गाडीच्या वायरीला ब्लेड लागत नाही. पण जोड-कपलरला दीड-दोनशे रुपये पडतात आणि तो प्रत्येक वेळी हाताशी नसतो. म्हणून रस्त्यावरच्या बऱ्याच दुकानांत कंपनीचं डोकं सरळ कापतात, वायरी सोलतात, पीळ देतात, वर काळी टेप गुंडाळतात. दहा मिनिटांत गाडी गाऊ लागते. उन्हाळ्यात डॅशबोर्ड तापला की त्या टेपचा डिंक वितळतो, गुंडाळी सुटते आणि उघड्या वायरी एकमेकींना लागतात. ते व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोवर गिऱ्हाईक ते काम कोणी केलं हेही विसरलेलं असतं.

मला हे सगळं ठाऊक होतं आणि तरीही मी कापलं. दुकान टाकलं त्याच वर्षी एक दुधाचा पिकअप आला. मालकाला संध्याकाळपर्यंत नवा टेप हवा होता. कपलर नव्हता. मी डोकं कापलं. किल्लीवरची वायर घाईत सापडेना, तेव्हा लाल आणि पिवळी एकत्र पिळून बॅटरीला दिली आणि सांगितलं, "दादा, बटण दाबून बंद करत जा." मालकानं दोन दिवस केलंही. तिसऱ्या दिवशी आवाज शून्यावर नेऊन तो घरी गेला. आवाज नव्हता, पण आतला ॲम्प्लिफायर जागा होता आणि सतत सुमारे एक अँपिअर खात होता. दुसऱ्या दिवशी गाडी निघालीच नाही, कारण सुट्टी होती. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे चारला किल्ली फिरवली तेव्हा बॅटरी मेलेली. कॅन रस्त्यावर, दूध कॅनमध्ये, आणि डेअरीची वेळ टळून गेलेली.

तो भांडला नाही. दुपारी गाडी माझ्या दारात लावून म्हणाला, "पहिला होता तो परत लावून दे." आणि तेच मला जमेना. डोकं कापलेलं होतं. आठ स्पीकर-वायरींतली कुठली कुठं जाते ते एकेक करून शोधावं लागलं. त्याची जुनी युक्ती आहे: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्यायचा आणि वायरींच्या जोडीला नुसता टेकवायचा. ज्या स्पीकरमधून टक् असा आवाज येईल त्याची ती जोडी. पडदा बाहेर आला तर प्लसला प्लस लागलाय, आत गेला तर उलट. ऐकायला माणूस हवा, बघायला माणूस हवा. मी, माझा भाऊ आणि तो मालक असे तिघं रात्री नऊपर्यंत टक् टक् ऐकत बसलो. कापायला दहा मिनिटं लागली होती. पैसे मी घेतले नाहीत, मागायचं तोंडही नव्हतं. त्यानंतर जोड-कपलर नसेल तर काम घ्यायचं नाही, उद्या या म्हणायचं, हे ठरलं. ओतूरला जाऊन आणतो, कल्याणहून येणाऱ्या ड्रायव्हरकडून मागवतो, पण कापत नाही.

आता स्विफ्ट.

2018 ची दिवाळी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गुरुजींची गाडी दारात आली. चौथीत मला त्यांनी शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. गाडी 2007 ची, घेतली तेव्हा मढच्या रस्त्यावर वळून बघावी अशी, आणि टेप कंपनीचाच, डॅशबोर्डात साच्यासकट बसवलेला. मुलगा ठाण्याहून आला होता. म्हणाला, "दादा, यात सात इंची अँड्रॉइड टाका. मागं कॅमेरा पण द्या, पप्पांना रिव्हर्स घेताना मान वळवता येत नाही." गुरुजी बाहेर स्टुलावर पेपर वाचत बसले होते. मी चहा सांगितला आणि कामाला लागलो.

पूर्वीच्या गाड्यांत हे काम सोपं असायचं. टेपचं तोंड 180 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच, हे जर्मन माप जगभर पाळलं गेलं, म्हणून कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीच्या खाचेत बसायचा. दुप्पट उंचीचा हवा तर 100 मिलिमीटर. पुढं कंपन्यांनी टेप डॅशबोर्डाच्या आकारातच ओतायला सुरुवात केली. दिसायला देखणा, पण तो काढला की मागं वेडंवाकडं भोक उरतं आणि नव्या टेपभोवती वेगळी फ्रेम लागते. स्विफ्टची फ्रेम माझ्याकडे होती, जोड-कपलरही होता.

आधी बॅटरीची मायनस सोडली. अकरा वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं असतं, लोखंडी पेचकस घातला की कोपरा तुटलाच. त्यासाठी मी टूथब्रशचा दांडा घासून पट्टी केली आहे. तिनं एकेक क्लिप सोडवली. स्क्रू काढले तसे चुंबकाच्या झाकणावर ओळीनं मांडले. मागचा कपलर दाबून सोडला, अँटेनाची पिन ओढली, टेप हातात आला. नवा जोडला. जोड-कपलरच्या सगळ्या जोडांना कथलाचा डाग दिला आणि वर स्लीव्ह तापवून बसवली. अर्थिंग टेपच्या बोल्टवर न देता बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर दिली, नाहीतर गाण्याच्या मागं अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते, ॲक्सिलेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. कॅमेऱ्याची वायर रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली. तीन तासांत सगळं चालू. खोक्यावर 50×4 वॅट छापलं होतं, मुलाला त्याचंच कौतुक.

हा आकडा मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, त्या दिवशीही सांगितला. गाडी चालू असताना 14.4 व्होल्ट मिळतात, स्पीकर 4 ओहमचा. 14.4 चा वर्ग 207, त्याला 4 च्या दुपटीनं, म्हणजे 8 नं भागा, उत्तर जेमतेम 26 येतं. गाडीच्या बॅटरीवर थेट चालणाऱ्या टेपमधून एका स्पीकरला स्वच्छ आवाजाचे एवढेच वॅट जाऊ शकतात. वरचे 24 वॅट खोक्यावरच्या शाईत असतात. विश्वास बसत नसेल तर टेपच्या पाठीवरचा फ्यूज बघा. 10 अँपिअरच्या फ्यूजमधून 200 वॅट बाहेर कसे पडतील? मुलगा हसला, पैसे देऊन गेला. गुरुजींनी पेपरची घडी घातली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. स्क्रीनकडे त्यांनी एकदा बघितलं. मी मनात म्हटलं, सवय होईल.

आठ दिवसांनी ते एकटेच आले.

"अरे, यात पुणं लागत नाही."

मी रेडिओ उघडला. एफएमवर नुसती खरखर. म्हणालो, "गुरुजी, आपल्याकडे एफएम नाहीच येत. डोंगर आडवे."

"एफएम कोण म्हणतंय? सातशे ब्याण्णव."

आकाशवाणीचं पुणे केंद्र, मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झ. गुरुजींना तो आकडा गाडीच्या नंबरासारखा पाठ. मुंबईची अस्मिता वाहिनी 558, तोही पाठ. त्यांच्या घरी एकेकाळी रेडिओचं लायसन होतं, पोस्टात दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून आणायचे. ते पुस्तक त्यांनी आम्हाला वर्गात दाखवल्याचं मला आठवत होतं. आठवलं नव्हतं ते एवढंच, की हा माणूस गाडीत काय ऐकत असेल.

आमच्या भागात हा फरक मोठा आहे. एफएमची लाट सुमारे 3 मीटर लांबीची, ती सरळ रेषेत जाते आणि डोंगर लागला की त्याच्या सावलीत काही पोचत नाही. 792 ची लाट पावणेचारशे मीटरच्या पुढं. एवढ्या लांब लाटेला आमचे डोंगर अडवत नाहीत, ती जमिनीला धरून वळसा घालून येते. पुण्याहून मढपर्यंत एफएम पोचत नाही तिथं मध्यम लहरी थोड्या खरखरीसकट का होईना, पोचायच्या. शहरातल्या माणसाला एएमचा बँड अडगळ वाटतो, कारण त्याच्याकडे दुसरं सगळं येतं.

नव्या टेपमध्ये एएम होतं. मी शोधायला लावलं, एकही स्टेशन धरलं नाही. हातानं लावू गेलो तर 790 झाल्यावर थेट 800. मधलं 792 त्याच्या गावीच नव्हतं. हे मी पहिल्यांदा पाहत होतो. थोड्या वेळानं ट्यूब पेटली. आपल्याकडे मध्यम लहरींवरची स्टेशनं 9-9 किलोहर्ट्झच्या अंतरावर ठेवतात. 792 ला 9 नं भाग जातो, 558 लाही जातो. अमेरिकेत हे अंतर 10 चं. टेप अमेरिकेच्या पायऱ्यांवर लावून ठेवलेला होता. मेन्यूच्या पोटात शिरून देश बदलला, पायरी 9 ची झाली, आणि 792 आलं.

आलं, पण कोणीतरी शेजारी गिरणी चालवावी तसा घर्र आवाज. बोलणारा माणूस त्या पिठाच्या मागं. इंजिन बंद केलं तरी घर्र तशीच, म्हणजे अल्टरनेटर नव्हे. मी दुकानातला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर आणला, एएमवर रिकाम्या जागी लावला आणि गाडीत फिरवला. ही तपासणी कोणालाही करता येते. ट्रान्झिस्टर जिथं जास्त ओरडेल तिथं चोर. सिगारेट लायटरमध्ये खोचलेल्या मोबाइल चार्जरपाशी तो किंचाळला. चार्जर काढला, थोडं कमी झालं. मग स्क्रीनजवळ नेला, पुन्हा तेच. स्क्रीनला आतमध्ये वेगवेगळे व्होल्ट लागतात, ते करणारे छोटे सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, आणि त्यांचा कालवा नेमका मध्यम लहरींवर पडतो. म्हणजे रेडिओचा वैरी रेडिओच्याच पेटीत.

हे ऐकताना मला खोडद आठवलं. आमच्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे, जीएमआरटी. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, 30 अँटेना, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं, गावोगावची पोरं बस भरून येतात. मीही एकदा गेलो होतो. मी वायरवाला, म्हणून आधी वायरच बघितली: त्या ताटल्या पत्र्याच्या नाहीत, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून केल्यात, वारा आरपार जावा म्हणून. आत मोबाइल बंद करायला लावतात. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की त्याच्यापुढं एक साधा मोबाइलसुद्धा ढोल-ताशा. ही जागा निवडताना माणसानं केलेला रेडिओचा गोंगाट इथं कमी आहे, हे एक मोठं कारण होतं. ज्या आडबाजूपणामुळं आम्हाला एफएम मिळत नाही, त्याच आडबाजूपणामुळं आम्हाला ही दुर्बीण मिळाली. आणि त्या आडबाजूच्या शांततेत मी गुरुजींच्या गाडीत एक गिरणी बसवून दिली होती.

दुपारभर प्रयत्न केले. वायरीला फेराइटचे मणी घातले, अर्थिंग बदलून पाहिली, अँटेनाची पिन साफ केली. घर्र थोडी उतरली, गेली नाही. गुरुजी स्टुलावर बसून बघत होते. शेवटी मी म्हणालो, "गुरुजी, बातम्या मोबाइलवर पण ऐकता येतात. मी लावून देतो."

"घाटात रेंज असते का?"

नसते.

"आणि हे बघ," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. "पहिल्याला गोल बटण होतं. हात नेला की सापडायचं. आवाज कमी करायचा तर रस्त्यावरची नजर काढावी लागत नव्हती. आता या काचेवर बघून बोट ठेवावं लागतं. धुक्यात घाट उतरताना मी काचेवर बघू का रस्त्यावर? आणि रात्री हा उजेड तोंडावर येतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी इथंच बसलो होतो. तू मला विचारलंस का, गाडी कोण चालवतं म्हणून?"

मी विचारलं नव्हतं. मी सगळं बरोबर केलं होतं. कपलर कापला नव्हता, डाग दिले होते, अर्थिंग खरवडून दिली होती. नारिंगी वायरसुद्धा जोडली होती. तिनं उजेड कमी होतही होता, पण जो कमी झाल्यावर उरतो तो सत्तर वर्षांच्या डोळ्यांना किती लागतो हे मीटरवर दिसत नाही. पैसे देणाऱ्याला काय हवं ते मी विचारलं, आणि ऐकणारा चार पावलांवर पेपर वाचत बसला होता.

जुना टेप अजून बाकाखालीच पडलेला होता, भंगारवाल्याची फेरी व्हायची होती म्हणून वाचला. फ्रेम काढली, नवा सोडला, जोड-कपलर ओढून काढला. गाडीचं मूळ डोकं जसंच्या तसं समोर आलं. त्यात जुन्या टेपचं डोकं टक्कन बसलं. अर्धा तास लागला नाही. दुधाच्या पिकअपला तिघांची रात्र लागली होती. बॅटरी सोडल्यामुळं स्टेशनं पुसली गेली होती, ती गुरुजींनी स्वतःच लावली, मला हात लावू दिला नाही. 792 वर निवेदिकेचा आवाज आला. मागं नेहमीची बारीक खरखर होती, पण शब्द न् शब्द कळत होता.

कॅमेऱ्याचा प्रश्न उरला होता, आणि मुलाची काळजीही खोटी नव्हती. आतल्या आरशासारखा दिसणारा एक स्क्रीन मिळतो, रिव्हर्स टाकला की आरशातच मागचं दिसतं, एरवी तो नुसता आरसा. तो बसवला. पुढं जाताना त्याला करंटच नाही, म्हणजे घर्रही नाही. अँड्रॉइड पुढच्या खेपेला मुलगा घेऊन गेला, ठाण्यात स्वतःच्या गाडीत बसवला. तिथं एफएमची स्टेशनं पोतंभर.

त्यानंतर दुकानात दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली, ट्रंक. काढलेला टेप नावनंबर लावून ठेवायचा, त्याच्यासोबत फ्रेम, स्क्रू आणि कंसही एका पिशवीत. वर्षभर तरी हलवायचा नाही. परत मागायला येणारे थोडे, पण येतात. कोणी गाडी विकायला काढतो आणि घेणारा म्हणतो की मला कंपनीची जशी होती तशीच हवी. कोणाचा नवा टेप दोन पावसाळ्यांत बंद पडतो आणि खिशात पैसे नसतात. ट्रंक उघडून देतो, बसवायचे पैसे घेतो, टेपचे घेत नाही. तो त्यांचाच असतो.

दुसरी गोष्ट, चार प्रश्न. गाडी कोण चालवतं? तो काय ऐकतो? कुठल्या रस्त्यावर ऐकतो? आणि आताच्या टेपमधलं कुठलं बटण तो न बघता दाबतो? चौथ्या प्रश्नाला लोक हसतात, मग हात हवेत नेऊन दाखवतात. तो हात जिथं जातो तिथं मी बघतो. बऱ्याच जणांना याची उत्तरं देताना कळतं की त्यांना टेप बदलायचाच नाही, फक्त मोबाइलची गाणी हवीत. त्यांना जुन्या टेपच्या मागं जोडायची ब्लूटूथची डबी पुरते, तशी सोय जुन्यात असली तर. माझं बिल कमी होतं. ते गिऱ्हाईक फॉगलॅम्पला परत येतं.

ट्रंक सगळ्यांना उपयोगी पडत नाही. जी गाडी माझ्याकडे येण्याआधीच कुठंतरी कापली गेली आहे, तिच्यासाठी माझ्याकडे काही नसतं. गेल्या पावसात एक जीप आली. टेप चालू होता, पण डॅशबोर्डातून वास येत होता. उघडून बघतो तर मूळ डोकं गायब, आठ वायरींना आठ गाठी, आणि फ्यूजच्या जागी चॉकलेटचा चंदेरी कागद. फ्यूज उडतो तेव्हा काहीतरी सांगत असतो. कोणीतरी त्याचं तोंड कागदानं बंद केलं होतं. जुन्या जीपांत स्पीकरच्या मायनस सरळ बॉडीला जोडलेल्या असतात. जुन्या टेपना ते चालायचं. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर करंट असतो, त्यातली एक बॉडीला लागली की आतला ॲम्प्लिफायर तापतो नाहीतर जळतो. फ्यूज तेच सांगत होता. गाडीत चार माणसं होती, आणि ती घाट उतरून कल्याणला निघाली होती.

म्हणून टेप बदलायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. दुकान मोठं आहे की छोटं ते बघू नका, ब्लेड बाहेर निघतं की जोड-कपलर ते बघा. "कापावं लागेल" म्हणाला तर उद्या या म्हणणाऱ्या दुकानात जा. चार जोडांपैकी एक तरी गुंडाळायच्या आधी डोळ्यांनी बघून घ्या. मागं फ्यूज कितीचा आहे ते विचारा. काढलेला टेप, फ्रेम आणि स्क्रू मागून घ्या आणि माळ्यावर ठेवा. आणि दुकानात जाण्याआधी घरात एकदा विचारा, ही गाडी रोज कोण चालवतं आणि त्याला त्यात काय ऐकू यायला हवं.